फोर्कलिफ्टचा हॉर्न

खडकी, पुणे

प्रिय आई, जयभीम.

मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो. इथे वरणात गूळ घालतात, पण ते सोड. शेळी व्याली का?

आपल्या शेजारच्या आनंददादाचं कळलंच असेल. गोदामातली फोर्कलिफ्ट मागे येताना त्याच्या पायावरून गेली. पाय गुडघ्याखाली कापला. साहेब म्हणतात, "कानात हेडफोन घातला असेल." दादाकडे हेडफोन कुठला?

खरं सांगतो. ती गाडी मागे येताना हॉर्न आपोआप वाजतो. साहेबांना फोनवर बोलताना त्याचा त्रास व्हायचा, म्हणून त्यांनी त्याची वायर काढायला लावली. काढली मीच. वर चहा पाजला त्यांनी. अपघातानंतर तासाभरात तीच वायर मलाच परत जोडायला लावली. आता हॉर्न असा वाजतो की मंडईत ऐकू जावा.

"गप्प राहा, तुला पर्मनंट करतो," म्हणाले. उद्या चौकशीला सरकारी माणूस येतोय. त्याला मी सगळं सांगणार आहे, वायर कोणी काढली तेसुद्धा.

पूर्णिमावहिनी नवऱ्यालाच दोष देत असेल. तिला आजच सांग, हॉर्न वाजलाच नव्हता.

आणि ही नोकरी सुटली, तर या खेपेला तरी म्हणू नकोस की पोरगं कुठे टिकत नाही.

तुझा,
सुगत