मन्सफमध्ये मटार

करक,
कारखान्यातून.

वडील ताई नौफा हिला धाकट्या फलाहचा आदराचा सलाम. अल्लाहच्या कृपेने आम्ही सगळे चालतेफिरते आहोत, तुम्हीही असाल अशी आशा करतो. दाजींचा रक्तदाब कसा आहे? कुवेतच्या उन्हात दुपारचं बाहेर पडू नका असं त्यांना माझ्या वतीने सांग (तुझ्या वतीने सांगितलेलं ते ऐकत नाहीत, हे मला ठाऊक आहे). तुझे गुडघे कसे आहेत? इथे हमदा तिच्या गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल गरम करून लावते. फरक पडत नाही, पण लावल्याचं समाधान तिला मिळतं आणि तेलाचा डाग माझ्या गादीला.

ईदनंतर आपलं बोलणं झालेलं नाही. मधल्या काळात इथे जे घडलं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल. तुकड्यांनी कळलेली गोष्ट नेहमी आपल्या विरुद्ध जाते, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. वाचताना मध्येच उठू नकोस.

वडिलांच्या काळी खारवलेल्या दह्याचे, म्हणजे जमीदचे, गोळे वाळवायचे, पोत्यात भरायचे आणि दुकानात ठेवायचे, एवढाच धंदा होता. गिऱ्हाईक यायचं, गोळ्यावर बोटाने टकटक करायचं आणि घेऊन जायचं. आता अम्मानमधल्या सुनांना रात्रभर गोळा भिजत घालायला वेळ नाही, म्हणून आम्ही पातळ जमीदची पिशवी काढली. फोडा, गरम करा, वाढा. तिची जाहिरात मोबाईलवर करायला रुदैनाला ठेवलं. ती आपल्या गावच्या बोरवेलवाल्या मरहूम जुमआची मुलगी, मुअता विद्यापीठातून शिकलेली. मुलगी हुशार, कमी बोलणारी. हिवाळ्यात तिचं मादबाच्या एका चांगल्या घरात लग्न ठरलं होतं.

तिने एक छोटी फीत केली. नोकरी करणारं तरुण जोडपं संध्याकाळी घरी येतं, मटणाचे चार तुकडे, भात, आमची पिशवी आणि फ्रीजमधले मूठभर मटार घेतं, आणि अर्ध्या तासात जेवायला बसतं. तिने त्याला नाव दिलं होतं ‘जमीदभात’. मला ती फीत तिने वाळवणाच्या अंगणात, भर उन्हात दाखवली. पडद्यावर मला माझाच चेहरा दिसत होता. भातावर काहीतरी हिरवं होतं, ते मला बारीक चिरलेली पात वाटलं. पण नाव मात्र मी नीट वाचलं आणि म्हणालो, जमीदभात म्हटल्यावर कोण बघणार? ‘शहरी मन्सफ’ लिही. ती म्हणाली, “काका, हे मन्सफ नाही. ते लग्नामयताच्या परातीतलं, जमीदमध्ये शिजवलेल्या मटणाचं.” मी म्हणालो, लिही. तिने लिहिलं.

ताई, सकाळी फीत गेली आणि दुपारच्या नमाजापर्यंत देश पेटला. मी अतिशयोक्ती करत नाही. मन्सफमध्ये भाजी कुणी घालत नाही हे तुला सांगायला नको. पाण्याचं बिल वाढलं तेव्हा जी माणसं घरात गप्प बसली होती ती मटारावरून उठली. कुणी लिहिलं, करकच्या माणसाने हे करावं? कुणी लिहिलं, याच्या मुलाच्या लग्नात आता मटार वाढा. इर्बिदच्या एका वकिलाने (वकील म्हणे) हा खटल्याचा विषय होऊ शकतो असं लिहिलं. दुकानदारांचे फोन सुरू झाले. ऐन लग्नसराईत, ज्या दिवसांत आपला वर्षाचा माल जातो, पेट्या परत यायला लागल्या. गोळेसुद्धा परत आले. त्या गोळ्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं?

आता मी काय केलं ते लिहितो, म्हणजे तुझ्या नव्वाफने कधी धंदा काढला तर त्याला उपयोग होईल. पहिल्यांदा मी शिव्या पुसायला बसलो. रुदैना म्हणत होती पुसू नका, पण मला वाटलं दुकानासमोर कुणी कचरा टाकला तर आपण झाडतोच की. मी एक पुसली की लोक तिचा फोटो काढून दहा ठिकाणी लावत आणि खाली लिहीत की घाबरला. मग मी एकाला उत्तर दिलं. त्याने विचारलं होतं, उद्या मन्सफमध्ये टोमॅटो घालणार का? मी लिहिलं, तुझ्या ताटात घालतो. मला तो विनोद वाटला होता. तो माणूस रुग्णालयात आजारी वडिलांजवळ बसून लिहीत होता हे मला मागून कळलं, आणि सगळ्या देशालाही त्याच वेळी कळलं.

तेव्हा जावयाने अम्मानहून जुमाना नावाच्या एका बाईंना आणलं. अशी संकटं निस्तरणं हाच त्यांचा व्यवसाय. बाई भल्या होत्या, त्यांच्याविषयी मला वाईट लिहायचं नाही. त्या म्हणाल्या, पहिल्या दोन तासांत मालकाने स्वतःच्या नावाने बोलायला हवं होतं, ती वेळ गेली, तरी अजून बोला. त्यांनी तीन निवेदनं लिहून दिली. एकात मी माफी मागत होतो. दुसऱ्यात मी जास्त माफी मागत होतो. तिसऱ्यात लिहिलं होतं की एका कनिष्ठ कर्मचाऱ्याकडून अनवधानाने चूक झाली असून तिला समज देण्यात आली आहे. बाईंनी तिसऱ्यावर बोट ठेवून सांगितलं की हे तेव्हाच वापरा जेव्हा ते खरं असेल. मी तिसरं निवडलं. त्यात माझं नाव नव्हतं, ताई, एवढंच कारण होतं.

‘तिला’ या एका शब्दाने काम केलं. कंपनीत फीत करणारी मुलगी एकच. संध्याकाळपर्यंत लोकांनी रुदैनाचा फोटो शोधून काढला, पदवीदान समारंभातला, काळ्या झग्यातला. तिला जे लिहिलं गेलं ते मी तुला लिहिणार नाही. तिच्या भावी सासऱ्याच्या फोनवरही लोक लिहू लागले की ही सून आणून पाहुण्यांना काय वाढणार? दुसऱ्या दिवशी त्या अबू लैसने तिच्या आईला निरोप पाठवला की लग्न जरा पुढे ढकलू, वातावरण निवळू दे.

रुदैना कामावर आली. कार्यालयाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “तिसरं निवेदन तुम्ही वाचून निवडलंत की तेही उन्हात बघितलंत?” ती गेली. मी दुपारपर्यंत तिथेच बसलो होतो. हमदाने जेवायला बोलावणं पाठवलं तेही परत पाठवलं. हे तू हमदाकडूनही ऐकलं असशील, कारण तो प्रसंग ती सगळ्यांना सांगते, जेवण परत पाठवण्याचा आमच्या संसारातला पहिला म्हणून.

मग मी फोन वाळवणाच्या चौथऱ्यावर उभा केला आणि बोललो. सांगितलं की मुलीने त्या पदार्थाला जमीदभात म्हटलं होतं, मन्सफ हे नाव मी घातलं, काल काढलेलं निवेदन खोटं होतं, तिला कुणी काही बोलू नये. एवढंच. बोलता बोलता मागून बकऱ्या आल्या, त्याही त्यात आहेत. काही लोकांनी बरं लिहिलं. बऱ्याच जणांनी लिहिलं की हा म्हातारा मुलीला पाठीशी घालतोय, याला बोलायला शिकवलंय. खोटं एका दुपारी पटलं होतं, खरं पटायला तयार नव्हतं.

शेवटी मी शेख मिस्फिरकडे गेलो. आपल्याकडे भांडण मिटवायचं तर वडीलधाऱ्यांची जाहा घेऊन समोरच्याच्या दारात जायचं, त्याने दिलेली कॉफी खाली ठेवायची, आणि त्याने मागणं मान्य केल्याशिवाय ती प्यायची नाही, हीच रीत मला येते. शेखसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं (डाव्या कानाने, उजवा आता पूर्ण गेला). मग विचारलं, “आपल्याला कोणाच्या दारात जायचंय?” मी म्हणालो, तीच अडचण आहे, हे सगळे मोबाईलमध्ये आहेत. ते म्हणाले, “मोबाईलमध्ये कुणी राहत नाही. ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, त्याचं घर शोध.”

सगळ्यात मोठा आवाज झर्काच्या अबू रकानचा होता. निवृत्त बसचालक. त्याने उंबऱ्यावर आपला जमीदचा गोळा ठेवून हातोड्याने फोडला होता, फोडताना मुलीलाही बोल लावला होता, आणि ती फीत लाखो लोकांनी पाहिली होती. एक मिनीबस आणि तीन गाड्या भरून आम्ही निघालो. स्वच्छ इस्त्रीचे झगे, डोक्याला लाल शमागचे रुमाल, समोर वाळवंटी रस्ता. अबू रकानने खिडकीतून आम्हाला उतरताना बघितलं आणि मेहुण्याला फोन लावला की करकची माणसं मारायला आली. दार उघडायला बराच वेळ लागला. आत छोटी खोली, गाद्या कमी, माणसं जास्त, निम्मी जिन्यात उभी. कॉफी आली. शेखसाहेबांनी कप समोर ठेवला आणि सांगितलं की आम्ही तुमच्याकडे मागणं घेऊन आलोय. अबू रकानचा जीव भांड्यात पडला, कारण मारायला आलेला माणूस कप खाली ठेवत नाही.

त्याने माझ्याकडे बघून एकच विचारलं.

“त्याला मन्सफ कोण म्हणालं?”

“मी.”

“मग मुलीचं नाव का पुढे केलंत?”

“माझं पुढे करायची हिंमत नव्हती.”

त्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, माझ्या वडिलांच्या मयताला आलेल्या लोकांना आम्ही तुमच्याच जमीदचं मन्सफ वाढलं होतं, म्हणून एवढं लागलं, नाहीतर मटार मी रोज खातो. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “आणि फोडायला स्वस्तातला गोळा घ्यायचा होता, वर्षातला शेवटचा होता तो!” (तिने त्याच्याकडून सगळे तुकडे वेचून घेतले होते आणि शुक्रवारी शिजवले होते. चांगलं झालं होतं म्हणे.) शेखसाहेबांनी कप उचलला. आम्ही सगळ्यांनी उचलला. जिन्यातल्यांना कप पुरले नाहीत.

अबू रकान आमच्याबरोबर मादबाला यायला स्वतःहून तयार झाला. मिनीबस त्यानेच चालवली, आणि खरं सांगायचं तर आमच्या ड्रायव्हरपेक्षा चांगली. अबू लैसच्या दारात तोच आधी बोलला, की मी त्या मुलीविषयी जे बोललो ते परत घेतो. तिथेही कप खाली ठेवले गेले आणि तिथेही उचलले गेले. अबू लैसने माझा खांदा थोपटला, लग्नाची जुनी तारीख पक्की केली. अबू रकानने सगळं फोनवर टिपलं, तेही लाखो लोकांनी पाहिलं, आणि मी त्या दिवशी घरी येऊन तीन माणसांचं जेवण एकटा जेवलो.

रुदैना सकाळी आली. मला वाटलं किल्ल्या घ्यायला आली. ती म्हणाली, “काका, काल माझ्यासाठी चार गाड्या भरून माणसं गेली. एका गाडीत मला विचारायला जागा नव्हती?”

मी म्हणालो, पोरी, मिटलं ना सगळं.

“तुमचं मिटलं. तुम्हाला ज्याची माफी मागायची होती ती तुम्ही मागितलीत, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण लैसच्या वडिलांना मी कशी आहे हे झर्काच्या ड्रायव्हरने सांगावं लागलं. आणि माझा होणारा नवरा, लैस, स्वतः त्या सगळ्या दिवसांत एकदाही बोलला नाही, काल खाली मान घालून पाहुण्यांना कॉफी देत होता. मी फितीत बघितलं.”

तिने अंगठी त्याच दिवशी परत पाठवली. तिची आई माझ्याशी बोलत नाही. आधी लग्न मोडत होतं म्हणून बोलत नव्हती, आता मोडलं म्हणून बोलत नाही. शेखसाहेब म्हणतात की त्यांच्या साऱ्या हयातीत यशस्वी झालेली जाहा अशी वाया गेली नव्हती. मी त्यांना म्हणालो की वाया गेली असं मला वाटत नाही. त्यांना ऐकू गेलं नाही बहुधा. मी उजव्या बाजूला बसलो होतो.

किल्ल्या तिने आठवड्याने घेतल्या. पगार वाढवून मागितला, तो दिला. आता जाहिरातीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा नाही, हेही मान्य केलं. पेट्या परत यायच्या थांबल्या आहेत. या लग्नसराईत निम्मा माल गेला, उरलेला गोदामात आहे. लोक आता अकबाच्या एका हॉटेलवर रागावलेले आहेत, त्याने काय केलं ते मला कळलेलं नाही, पण मी त्याच्या मालकाला ओळख नसताना फोन केला आणि सांगितलं की पुसू नका.

घरातल्या सगळ्यांचा तुला सलाम. अल्लाह तुझ्या डोक्यावर सावली ठेवो आणि तुझ्या हातून आम्हाला पुन्हा जेवायला मिळो.

तुझा धाकटा,
फलाह

ता. क. अबू रकानच्या मेहुण्याचा ट्रक गुरुवारी कुवेतला निघतोय, त्याच्याबरोबर जमीदचे गोळे पाठवतो आहे. पिशवी पाठवलेली नाही.

दुसरा ता. क. रुदैनाचा नवा नियम असा: कुठलीही जाहिरात बाहेर जायच्या आधी तीन माणसांना दाखवायची. पहिलं, गावातली कुणी म्हातारी. ती मिळाली, शेखसाहेबांच्या घरातली. दुसरं, ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही असं कुणी. तेही मिळालं, खाली टायर दुरुस्त करणारा सीरियन. तिसरं माणूस आपल्यावर खरोखर रागावलेलं हवं, आणि तोंडावर बोलणारं. मी म्हणालो असं कोण मिळेल, सगळे एकतर विसरले किंवा शिव्या देऊन गेले. तिने मला त्या फितीखालची सगळ्यात वरची ओळ दाखवली, जिच्यावर सगळ्यात जास्त लोकांनी हृदयं लावली आहेत: ‘आमचे वडील आज असते तर त्यांनी स्वतःच्या हाताने दुकानाची पाटी उतरवली असती.’ म्हणाली, ‘आमचे वडील’ असं तुमच्या दुकानाबद्दल लिहिणारी जगात एकच बाई असणार. मला ते पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. ती ओळ मी पुसली नव्हती, सगळ्या शिव्यांत तेवढी एकच.

तेव्हा हे पत्र त्यासाठी आहे. पुढची फीत तयार आहे, तीत कसलीही भाजी नाही. तुझा राग गेला असेल तर तसं कळव, आम्ही दुसरं कुणी शोधू. गेला नसेल तर फोन कर.