साखरेचा आळ

प्रिय ताई,

दोन महिने तुझा फोन उचलला नाही. रागावले होते, अजूनही आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला माझं ऐकून घ्यावंच लागेल.

तीन वर्षं माझी साखर उतरत नव्हती. आपले कोपऱ्यावरचे डॉक्टर रिपोर्ट बघायचे आणि चष्म्यावरून म्हणायचे, "बाई, चोरून काहीतरी खाताय." मी वाटीनं मोजून भात खात होते, कामाला पायी जात होते. डॉक्टरांचं एक वेळ सोड. पण त्या दिवशी तुझ्याकडे सगळे जेवायला जमलो होतो, मी खिरीचं भांडं नुसतं पुढे सरकवत होते, आणि तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस. वर म्हणालीस, "हिच्यापासून लांब ठेवा, जिभेचे चोचले काही संपत नाहीत." भावजी हसले. मी पाणी प्यायला उठले, तर तेही तुला नाटक वाटलं.

ती तहान खरी होती गं. सारखी लघवी, पोट साफ नाही, आणि हाडं अशी दुखायची की दुपारनंतर बाइंडिंगच्या टेबलाशी उभं राहवायचं नाही. चाळीस वह्या शिवून झाल्या की आपण कितवी शिवतोय तेच विसरायचे. मालक म्हणाले, वय झालं. डॉक्टर म्हणाले, साखर. तू म्हणालीस, आळस. एकट्या माझ्यावर तिघांनी तीन आळ घेतले!

मग एके सकाळी कामावर वह्यांच्या दाबयंत्राचं चाक फिरवताना मनगट मोडलं. पडले नाही, आपटले नाही, नुसतं चाक फिरवलं. हाडांच्या डॉक्टरीण बाईंनी प्लास्टर घातलं आणि माझी जाडजूड फाइल उघडली. बराच वेळ पानं उलटून त्यांनी विचारलं, "तुमचं कॅल्शियम दोन वर्षं वाढलेलं आहे. कोणी बोललं नाही?" रिपोर्टात त्या आकड्यापुढे ठळक खूण होती, ताई. दोन्ही वर्षी.

त्यांनी चित्र काढून समजावलं. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. माझी एक फुगली होती आणि हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत होती. अशा माणसांत इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, मधुमेह जास्त आढळतो, असलेली साखर आवरेनाशी होऊ शकते. म्हणजे मी उपाशी राहून ज्याच्याशी झगडत होते, त्याला आतून घरभेदी मदत करत होता.

ती फुगलेली ग्रंथी ऑपरेशन करून काढली. महिन्याभरात तहान गेली, साखर उतरली, दोनातली एक गोळी बंद झाली. दुसरी चालूच आहे. सगळ्यांना इतकाही फरक पडत नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. फाइल घेऊन मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "अहो, मी साखरच बघत होतो, ते बघायचं राहिलं." राहिलं! दूध आणायचं राहतं, दिवा बंद करायचा राहतो. माझी हाडं पोखरली जात होती आणि यांचं बघायचं राहिलं! तिथे इतक्या मोठ्यानं बोलले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. सॉरी म्हणाले शेवटी. तू अजून म्हणाली नाहीस.

तरी आज लिहायला बसले, कारण काल तुझ्या लेकाचा फोन आला. तुला दुसऱ्यांदा मूतखडा झालाय, साखरही काठावर आलीये, आणि तुझे डॉक्टर म्हणतात, पाणी पीत जा आणि गोड सोडा. ताई, मूतखडा वाढलेल्या कॅल्शियमनंही होतो, आणि हा ग्रंथीचा आजार काही घराण्यांत बहिणीबहिणींना धरतो. तुला असेलच असं नाही. पण या आठवड्यात कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचं रक्त तपासून घे, हातापाया पडते. शुक्रवारी सुट्टी टाकली आहे, मी येते. तुला कोणी चोरून खाल्लंस म्हणालं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे. माझ्या वेळी तू कोणाच्या बाजूनं बोललीस ते मी विसरलेले नाही. पण तुझ्या वेळी मी तुझ्याच बाजूनं भांडणार.

तुझीच, रागावलेली,
धाकटी