डेकला कठडा हवाच

१५ एप्रिल, शनिवार

मी कठड्याचे चार नमुने घेऊन आले! पांढरा, राखी, तपकिरी, काळा. भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेले. रंग नको, तेल नको, वर्षातून एकदा धुतलं की झालं. हिवाळ्यात छपरावरचा बर्फ कोसळला आणि घराबाहेरच्या फळ्यांच्या डेकचा जुना लाकडी कठडा मोडला, तेव्हापासून मी याच्याच मागे आहे. बाबांनी एकेक नमुना टिचकी मारून पाहिला. म्हणाले, "हे लाकूड नाही, ब्रिटा. दुधाचा प्लास्टिकचा कॅन आहे, लाकडाचं सोंग घेतलेला."

संध्याकाळी सगळे साउनाच्या गरम खोलीत वाफ घ्यायला गेले. मी नाही. नमुन्यांवर केचपचे डाग पडतात का ते बघायचंय, असं सांगितलं. आई म्हणाली, "शनिवारची वाफ सोडून केचप? हेच शिकवतात कॉलेजात?" या घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच. त्यामुळे मी काही विचित्र केलं की दोष कॉलेजचा.

खरं कारण फक्त इथे लिहिते. दोन महिने उलटून गेलेत! डॉक्टरांनी सांगितलंय, तसल्या उष्णतेत बसायचं नाही. आठ मेला तपासणी आहे. तोवर कुणालाही सांगायचं नाही. मागच्या वेळी आनंदाच्या भरात गावभर सांगितलं, आणि मग मूल राहिलं नाही, तेही गावभर सांगावं लागलं — किराणा दुकानातल्या बाईपासून पाद्रीबाबांपर्यंत. या वेळी फक्त माझ्या नवऱ्याला, वेसला, माहीत आहे, आणि हे नवरोबा सरोवराच्या मध्यावर, खनिज वाहणाऱ्या बोटीवर. तो येईपर्यंत मी माहेरी.

१८ एप्रिल, मंगळवार

केचप निघाला. ब्लूबेरी निघाली. पेस्टीची, म्हणजे त्या मांसाच्या करंजीची, चरबी राखीवर तशीच. राखी बाद!

२० एप्रिल, गुरुवार

वेसचा फोन. म्हणाला, काळा घे, रुबाबदार दिसतो. मी म्हटलं, काळा उन्हात तापतो, हात भाजेल. "कुणाचा?" म्हणाला. मग दोघंही हसत सुटलो. काळा बाद.

२२ एप्रिल, शनिवार

आज सर्दीचं निमित्त. शिंकायचं विसरलेच.

पण काय झालं! बाबा साउनातून बाहेर आले, टॉवेल गुंडाळलेले, अंगातून वाफा निघताहेत. सवयीने कठड्याला टेकायला गेले — कठडा कुठे आहे? थेट खालच्या उरल्यासुरल्या बर्फात. टॉवेल वरच. मी आणि आई हसून हसून खाली बसलो. बाबा उठले, बर्फ झटकला, म्हणाले, "थंड व्हायलाच आलो होतो."

मी लगेच म्हटलं, बघा, म्हणून कठडा हवा.

२७ एप्रिल, गुरुवार

सगळं फिसकटलं. बांधकाम तपासणाऱ्या कांगस बाई आल्या, जमिनीपासून डेकची उंची मोजली आणि म्हणाल्या, एवढ्या ठेंगण्या डेकला कठड्याची सक्तीच नाही. लावलात तर मात्र दोन गजांमधून चार इंची बॉल जाता कामा नये. बाबांनी विचारलं, बॉल कशाला? "लहान मुलांची डोकी," बाई म्हणाल्या.

मी सरोवराकडे बघत राहिले. फार वेळ.

त्या गेल्यावर बाबा खूश. "तुला देखभाल नको होती ना? हा घे, नसलेला कठडा. रंग नको, तेल नको, धुणंसुद्धा नको!"

२९ एप्रिल, शनिवार

जेवताना सगळी कारणं देऊन पाहिली. कुत्रा. पाहुणे. गुडघेदुखीवाली आत्या. अंधारात कुणी पडलं तर? बाबा म्हणाले, "गेल्या शनिवारी मी पडलो. मेलो का?" खरं कारण ओठांपर्यंत आलं होतं. बटाट्याबरोबर गिळलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि हल्ली दुसरं काही करतच नाही.

साउना: पोट बिघडलंय. (हे निदान जवळपास खरं. सकाळपासून दोनदा उलटी, आणि दोन्ही वेळा आनंद!)

३ मे, बुधवार

माझा निकाल — तपकिरी. कुणी विचारलेलं नाही.

६ मे, शनिवार

बाबा सकाळी न सांगता पिकअप घेऊन गेले आणि कठडा घेऊन आले. तपकिरी. दुपारपर्यंत एक बाजू उभी केली. मग जाकिटातून एक रबरी बॉल काढला आणि एकेका फटीला लावून पाहत शेवटपर्यंत गेले. एकीतूनही गेला नाही.

मी म्हटलं, बाबा, नियमाने तर लागत नाही.

त्यांनी वर पाहिलं नाही. "आज साउना कोमटच ठेवतो," म्हणाले. "खालच्या फळीवर बस, दार उघडं ठेवून. तुझ्या वेळी तुझी आई तशीच बसायची. मी कुणाला काही बोललेलो नाही."