निवळी

कोपरी, ठाणे (पूर्व)
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय रसिकाताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, सूरजला गोड पापा. मला पाचवा लागला. उलट्या थांबल्या, आता दिवसभर नुसती भूक.

पत्र बघून हसशील. पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि आई कायम शेजारी. करणार काय!

सूरजचं पोट अजून दुखतं का गं?

आमच्या लॅबला खाडीतल्या शिंपल्या तपासायला हव्या होत्या. म्हणून दिवाळीआधी कोलशेतला आले तेव्हा आईच्या चुलीजवळच्या रिकाम्या शिंपल्या उचलल्या. त्यांत शिसं निघालं. तरी मी धीर सोडला नाही. शिसं आहे एवढ्याने भागत नाही, ते कुठल्या रूपात आहे ते बघावं लागतं. शिंपलीत ते दगडात चिणल्यासारखं होतं, पाण्यात जराही सुटेना. मी खुशीने सगळ्यांना चहा पाजला.

चहा पिता पिता सर म्हणाले, "पण संचिता, तुमच्याकडे शिंपल्या तशाच खातात का?"

मी कप खाली ठेवला आणि आई करते तशाच त्या भाजून चुना केला, पाण्यात विरवला, वरची निवळी काढली. भाजल्यावर शिशाचं रूप बदलतं आणि चुन्याच्या पाण्यात ते विरघळतं. निवळी दिसायला स्वच्छ, शिसं मात्र तिच्यातच.

सूरजची हाडं घट्ट व्हावीत म्हणून आई त्याला रोज चमचाभर देते ना, तीच ही. कॅल्शियमच्या गोळ्या सुचवल्या की म्हणते, "बाजारच्या गोल्या कनाला? आपले खारीन सगला हाय." आपणही तीच पिऊन वाढलो, पण तेव्हाची खाडी आता राहिली नाही.

ताई, निवळी आजच बंद कर, आईला काहीतरी निमित्त सांग. सूरजच्या रक्तातलं शिसं तपासून घेऊ, मी सोबत येते. घाबरू नकोस असं लिहिणार होते. पण मीच घाबरले आहे.

दिवस गेल्याचं कळल्यावर आईने मलाही बाटली पाठवली होती. लॅबमध्ये काम करणारी मी, आईच्या हातचं म्हणून ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. काल माझंही रक्त दिलं. रिपोर्ट शुक्रवारी मिळेल. यांना अजून सांगितलेलं नाही.

सकाळी आईचा फोन आला होता. दुसरी बाटली भरून ठेवली आहे म्हणाली. मी "बरं आई" म्हटलं.

तिला माझा नमस्कार सांग. मी येईपर्यंत बाकी काही सांगू नकोस. तिने नातवाला प्रेमाने काय पाजलं, हे तिला कसं सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तुझी,
संची