क्रुमेनहाइनचं कार्ड

३ सप्टेंबर
आले एकदाची गोर्लिट्सला, आणि पहिल्याच दिवशी नोकरी आवडली! वंशावळी शोधणाऱ्या मंडळात काम गावांच्या नावांचं. कुणाचा पणजोबा अमेरिकेला गेलेला, घरच्यांना गावाचं नाव अर्धंमुर्धं आठवतं. ते आम्ही हुडकायचं. महायुद्धानंतर ही जर्मन गावं पोलंडात गेली, नावं बदलली. माणूस जन्मला त्या दिवशी गावाचं जे जर्मन नाव होतं ते वर, आजचं पोलिश नाव खाली. एका नावाची पाच-पाच गावं, म्हणून चर्च आणि तालुकाही लिहायचा. प्रमुख हेम्पेलबाई सत्तरीच्या, भलत्याच शिस्तीच्या. कार्डावर एकही चौकट रिकामी राहिलेली त्यांना खपत नाही.

५ सप्टेंबर
हात बसावा म्हणून बाईंनी मला माझ्याच गावाचं कार्ड भरायला सांगितलं. क्रुमेनहाइन, घरं एकेचाळीस. शेवटची चौकट होती, ‘वस्ती कधी उठली’. घाईत मी उजाड गावांच्या गठ्ठ्यातलं कार्ड उचललं होतं! पुन्हा कोण लिहीत बसणार? यंदाचं साल ठोकून दिलं. बाईंनी न वाचताच शिक्का मारला.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, खोटं काय त्यात पोरी, इकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. दोघी खूप हसलो.

९ सप्टेंबर
आईचा फोन. शेजारचं नोआक कुटुंब न सांगता निघून गेलंय, सूप टेबलावर तसंच. आई चिडलीय, तिचा मोठा टोप त्यांच्याकडे राहिला.
उगाच कार्डांचा खण उघडून पाहिला. कार्डावर घरं चाळीस. अक्षर माझंच. मी एकेचाळीस लिहिलं होतं. लिहिलं होतं ना?

१२ सप्टेंबर
सत्तावीस. आईला म्हटलं, आजच्या आज इकडे ये. तर म्हणे, प्लम उतरवायचेत, कोंबड्या कुणाच्या जिवावर सोडू, तुला लहानपणापासून धीर म्हणून नाही.
कार्डावरचं साल खोडलं. दुपारी पाहिलं तर खाडाखोड नाही. साल जसंच्या तसं.

१५ सप्टेंबर
गावाला गेले. बसवाला म्हणाला, असा थांबाच नाही. पायी गेले. वळणापलीकडे नुसता मका.
आईला फोन केला. ती म्हणते, मी दारातच उभी आहे, तू कुठे कडमडलीस? तिच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. फोनमधूनच.

१६ सप्टेंबर
घर एक.
बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. कार्ड मागे घेता येतं म्हणाल्या, त्या जागी दुसऱ्या जित्या गावाचं भरलं तर. त्यांनी एकदा भरलंय. कुठल्या गावाचं, विचारलं. आठवत नाही म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

१७ सप्टेंबर
सकाळपासून नकाशा पुढ्यात. सगळ्यात लहान गाव शोधलं. घरं तीन, माणसं सहा. सहाच. मी त्यांना ओळखत नाही — ओळखायचंही नाही. आई एकच आहे मला.
सगळ्या चौकटी भरल्या. शिक्काही मीच मारला.
जुनं कार्ड कोरं झालं! देवा —
फोन. आई. आईच! नोआक परत आलेत, टोप मिळाला. आणि म्हणते, दारात सहा माणसं आलीत, अनोळखी, आत येत नाहीत, बोलत नाहीत फारसं, फक्त तुझं नाव घेऊन विचारतात, ती घरी कधी ये—