उभी राहिली की उकळते

चि. खटपट्यास,

ताईचे आशीर्वाद.

फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू "ताई, ते सोपं आहे" म्हणतोस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. पत्र मधेच तोडता येत नाही. तुझी तब्येत बरी आहे, तुझ्या बायकोची पाठ आता दुखत नाही आणि मुलांचे पेपर चांगले गेले, असं मी धरून चालते. इकडे मी ठीक, हेही ठीक. गाडीचं मात्र तू येऊन गेल्यापासून सांगण्यासारखं आहे.

मागच्या खेपेला तू आमच्या गाडीच्या रेडिएटरचा पंखा दुरुस्त केलास. (त्याच्या वायरी उंदराने कुरतडल्या होत्या, हे मान्य. तुला मी बोलावलं नव्हतं, हे तू मान्य कर.) बॉनेटखालून निघालास, काळे हात माझ्या पांढऱ्या नॅपकिनला पुसलेस आणि म्हणालास, "ताई, पंखा अगदी नव्यासारखा फिरतो बघ." दुसऱ्या दिवशी सिग्नलला उभे होतो, तर तापमानाचा काटा सरळ लाल रेघेत. गाडी धावती असली की काटा खाली, उभी राहिली की वर. "गाडी तुझ्यावर गेली," असं हे मला म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला बॉनेट उघडण्याआधी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकतो. त्याने रेडिएटर धुतला, कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, आणि पुन्हा डोळे मिटले. "पंख्याचं काय?" मी विचारलं. "मस्त फिरतोय की, मॅडम!" फिरत होताच. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही ती उभीच करू नका ना." आणि अगदीच नाइलाज झाला तर आतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची गरमी माणसांच्या अंगावर येते आणि इंजिन सुटतं. भर उन्हाळ्यात हा सल्ला.

यात अडकले तुझे भावजी. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना गाडी शिकवते आहे. (लायसन्सच्या परीक्षेत ते नापास झाले ते क्लचमुळे, माझ्या ओरडण्यामुळे नव्हे. तुला त्यांनी वेगळं काही सांगितलं असेल तर विसर.) या खेपेला नाही जमलं तर गाडीला पुन्हा हात लावणार नाही, असं त्यांनी मला बजावलं. म्हणजे त्यांचा बासरीचा क्लास, त्यांचे दात, त्यांचे मित्र, या सगळ्या ठिकाणी त्यांना जन्मभर मीच सोडायचं आणि मीच आणायचं.

तेव्हा आम्ही थांबणंच सोडलं. भाजी मी चालत्या गाडीच्या खिडकीतून घेतली. शेजारीण पदर खोचून गाडीबरोबर चालत आली आणि धापा टाकत मला आपल्या सुनेचं सांगून गेली. बासरीच्या क्लासपाशी मी वेग कमी करून "उतरा!" म्हणायची आणि हे उतरायचे. त्यांच्या हातात गाडी असली की क्लचची भीती नाही, कारण थांबून पुन्हा निघायची वेळच येत नसे.

परीक्षेच्या मैदानावर सगळ्या गाड्या रांगेत उभ्या, आणि आमची तेवढी रांगेभोवती गोल फिरते आहे. नंबर आला. परीक्षक साहेब पुढे बसले, मी मागे. बाहेर ऊन, आत हीटर. "हे काय चालू ठेवलंय?" साहेबांनी विचारलं. "मला जरा थंडी वाजते," हे म्हणाले. कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आलेला. (खोटं बोलायची वेळ आली की यांना एवढंच सुचतं.) साहेबांनी टाय सैल केला. मग चष्मा पुसला. मग घड्याळ काढून खिशात ठेवलं. दुसऱ्या वळणाला म्हणाले, "कळलं, कळलं. पास. थांबवा."

"थांबवू नका!" मी ओरडले.

हे मुंगीच्या वेगाने चालवत राहिले आणि साहेब चालत्या गाडीतूनच उतरले.

काटा का चढतो ते एकदाचं बघायला बाहेर झाडाखाली गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवून मी बॉनेट उघडलं. पास झालेले गृहस्थ शब्दकोड्याचं पान पुढच्या जाळीवर टेकवून लिहायला गेले, तर पान फडफडून त्यांच्या तोंडावर. पुन्हा टेकवलं, पुन्हा तोंडावर. मी कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं होतं ते उगीच नाही. पंख्याने बाहेरची गार हवा जाळीतून आत ओढायची असते. कागद जाळीला चिकटायला हवा. तुझा पंखा आतली गरम हवा बाहेर फुंकत होता. वायरी तू उलट्या जोडल्या होत्यास. धावत्या गाडीला समोरचा वारा सांभाळून घेतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोणी नाही. नव्यासारखा फिरतो म्हणालास, पण कोणत्या दिशेने ते पाहिलं नाहीस. मी वायरींची अदलाबदल केली आणि शब्दकोडं जाळीला घट्ट बसलं. आता गाडी कितीही वेळ उभी राहू दे, काटा हलत नाही.

गाडीचा विषय संपला. माझा राग संपलेला नाही, पण तो भेटीसाठी ठेवते.

तुझी,
ताई

ता. क. गाडी बरी झाली यावर तुझ्या भावजींचा विश्वास नाही. हे पत्र तेच घेऊन येत आहेत. एकटे, पहिल्यांदाच. ते तुझ्या अंगावर चालत्या गाडीच्या खिडकीतून फेकलं गेलं असेल तर दचकू नकोस. ते अजून तुमच्या इमारतीभोवती फिरत असतील. रस्त्यावर जा आणि त्यांना थांबव. आडवा हात करू नकोस, ते वळसा घालतात. चहा तयार आहे म्हण.

ता. क. आठवडाभर त्यांना ठेवून घे. मी काळजी वगैरे करत नाही. फक्त ते उतरले की लगेच फोन कर. आज भाजीसुद्धा मी फोनशेजारी बसून निवडते आहे. फोनवर "ताई, ते सोपं होतं" म्हणालास तरी चालेल.

सोबत दिलं आहे: तुझी हत्यारांची पेटी (स्क्रूड्रायव्हर मी काढून घेतला आहे). काळा नॅपकिन, पांढरा करून परत द्यावा. भावजी, नग एक, चालू स्थितीत दिले आहेत, तसेच परत यावेत. उघडून पाहू नये.