खेळात न आलेलं वाक्य

अण्णा, आज वर्गात तुमची फार आठवण आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंग्रजीचा तास सुरू झाला की तुम्ही दाराशी उभे असता. मी आता कर्जतकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. सध्या हुकमाची वाक्यं चालू आहेत. कम हिअर, ओपन द डोअर, ब्रिंग द बुक. मी म्हणायचं आणि पोरांनी करून दाखवायचं.

हा खेळ मी तुमच्याकडूनच शिकले. सावेडीतल्या त्या इंग्रजी शाळेत तुम्ही शिपाई. संध्याकाळी घरी आलात की हात मागे बांधून, मोठ्या साहेबांचा आवाज काढून मला म्हणायचात, "ब्रिंग वॉटर!" मी तांब्या घेऊन धावायची. आई चुलीपाशी हसायची, "झाली का सुरू बापलेकीची कचेरी!" मग मी साहेब व्हायची. "कम हिअर! क्लोज द डोअर!" आणि तुम्ही, नुकत्याच चपला काढून टेकलेले, खरोखर उठून दार लावायचात. दिवसभर केबिनबाहेर उभं राहून तुमचे पाय सुजलेले असायचे. मला मेलीला काय कळतंय तेव्हा! तुम्हाला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी तुम्ही मला दिलंत, आणि ते सगळंच तुम्हाला सोडलेल्या हुकमांचं होतं, हे फार उशिरा उमगलं. त्या खेळात "सिट डाऊन" कधी आलंच नाही. तुम्हाला ते कुणी म्हटलंच नव्हतं.

शेवटी दवाखान्यात डॉक्टर राउंडला आले की तुम्ही सलाईनसकट उठायला बघायचात. "साहेब आलेत," म्हणायचात. मी खांदे धरून ठेवायची. तुमच्या खांद्यांची ती हाडं अजून माझ्या हाताला लागतात.

आज एकेका पोराला बाई केलं. एकमेकांना धडाधड हुकूम सोडणारी पोरं माझ्यापुढे आली की गप्प. मोठ्या माणसाला हुकूम कसा द्यायचा? एक पोरगी कितीतरी वेळ फ्रॉकचं टोक चावत उभी. मग हळूच म्हणाली, "बाई, सकाळपासून उभ्याच हायेत तुमी. सिट डाऊन ना." मी बसले, अण्णा. आणि रडू आवरेना. पोरं घाबरली. म्हटलं, डोळ्यात खडू गेला.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? पर्समध्ये घडी करून ठेवते झालं. पण एक सांगते. पुस्तकात "स्टँड अप" आधी आहे, तरी मी दर वर्षी "सिट डाऊन"नेच सुरू करते. पोरं खिदळतात, "बाई, आमी बसलेलोच हाये की!" बसलेलीच असतात बिचारी. ते पहिलं वाक्य मी दाराकडे बघून म्हणते.